केसरबाईच्या अंगणाखाली

लालसू आत्राम पहिल्यांदा खाणीत उतरला तेव्हा कोळसा म्हणजे चुलीत विझवलेलं लाकूड, एवढंच त्याला ठाऊक होतं. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यात, जंगलाच्या पोटात त्याचं गाव. उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडायचा, मोहफुलं वेचायची, पावसाळ्यात उतारावरच्या तुकड्यात धान लावायचं, असं करता करता तो विशीत आला. त्याच गावचा बुधू मडावी आधीच भद्रावतीकडं कोळशाच्या कामाला लागला होता. एका होळीला बुधू घरी आला आणि परत जाताना लालसूला सोबत घेऊन गेला. "जंगलात बी अंधारच असते. तिथी टोपीवर दिवा तरी भेटते," असं म्हणून त्यानं लालसूच्या आईला हसवलं होतं.

कोसमटोलीची खाण तेव्हा जोरात होती. जमिनीखाली कोळशाचे दोन थर, एकाखाली एक. वरच्या थरात बुधू आणि लालसू छताला लाकडी टेकू लावायचं काम करत. बुधू कामात वाकबगार होता. छताला लोखंडी सळईनं ठोकायचा, कान लावायचा आणि म्हणायचा, "हे बरोबर बोलते," नाहीतर, "इथी थांबू नको." त्याचं नुकतंच लग्न झालं होतं. बायको केसरबाई गावाहून येऊन खाणीच्या कडेच्या झोपडीत राहू लागली होती. लालसू तिला वयनी म्हणे आणि रोज संध्याकाळी तिच्या हातची भाकर खाई.

एका दुपारी, शिफ्ट संपायला आली असताना, छत बोललं. लालसूला काहीच ऐकू आलं नाही. बुधूला आलं. त्यानं लालसूच्या छातीवर दोन्ही हात टेकवून त्याला मागे ढकललं आणि ओरडला, "पळ!" लालसू पाठीवर पडला, उठला, पळाला. मागून जो आवाज आला, तो पुढं आयुष्यभर त्याच्या कानात राहिला.

बुधूला काढायला माणसं उतरली. ढिगारा उपसता उपसता वरून आणखी छत येऊ लागलं, मग पाणी शिरलं. शेवटी साहेब लोकांनी ठरवलं की आणखी माणसं गमावायची नाहीत, आणि त्या सेक्शनच्या तोंडाशी विटांची भिंत बांधली. बुधू भिंतीच्या पलीकडं राहिला.

त्या वेळच्या सर्वेअरनं खाणीचा नकाशा घेऊन वर शेतात मापं टाकली, एका बांधाशी खुंटी ठोकली आणि सांगितलं, "याच्या बरोबर खाली." धानोऱ्याहून बुधूचे भाऊबंद आले, सोबत गावचा पुजारी, भुमका, आला. मयतावर करायचे ते सारे विधी त्यांनी खुंटीपाशी केले. कोंबडं दिलं, मोहाची दारू शिंपडली आणि आपल्या रीतीप्रमाणे एक उंच दगड उभा केला. केसरबाईला खाणीच्या ऑफिसात झाडलोटीचं काम मिळालं. तिला मूलबाळ नव्हतं. माहेरचे न्यायला आले, पण ती गेली नाही. "ते इथी हायेत, तर मी कुठी जाऊ?" इतकंच म्हणाली. पुढं खाणीच्या पश्चिमेला वस्ती वाढली, तिथं तिनं दोन खोल्यांचं घर बांधलं. घर आणि दगड यांच्यामध्ये एक मोठं शेत होतं. सणावाराला ती ते शेत ओलांडून जाई, दगडाला पाणी घाली, थोडा वेळ बसे आणि परत येई.

लालसूनं त्यानंतर टेकूच्या कामाला हात लावला नाही. त्याला खालच्या थरात पाण्याच्या पंपावर दिलं. तिथं त्यानं सारी नोकरी काढली. लग्न केलं, मुलगा झाला, बायको आजारात गेली, सून आली. सून रिना वस्तीतली अंगणवाडी चालवायची. केसरबाईच्या घराची कौलं बदलायची असोत की तिला चंद्रपूरला दवाखान्यात न्यायचं असो, लालसू हजर असे. दोघं बुधूबद्दल फारसं बोलत नसत. बोलायचं काही उरलं नव्हतं. केसरबाईला सगळं ठाऊक होतं, त्या दोन हातांचं आणि त्या एका शब्दाचंसुद्धा.

खाण बंद झाली. तरी शेजारच्या खाणीत पाणी जाऊ नये म्हणून खालच्या थरातला पंप तेवढा चालू ठेवला होता. लालसू निवृत्त झाला आणि अंगणात कुंपणाला वाल चढवण्यात रमला. मग हळूहळू जमीन हलू लागली. आधी वस्तीतल्या विहिरीचं पाणी एकाएकी खाली गेलं. मग डांबरी रस्त्याला लांब भेग पडली. एका सकाळी नाल्याकाठच्या पऱ्हाटीत मोठं भगदाड पडलं आणि त्यात कापसाची झाडं उभीच्या उभी खाली गेली. लोकांची झोप उडाली. तहसीलदार आले, खाणीचे इंजिनियर आले. जुन्या सेक्शनचा नकाशा काढला, पण भगदाड पडलं होतं तिथं नकाशात काहीच नव्हतं. ज्या नकाशावर भरवसा ठेवायचा तोच चुकलेला निघाला. आता पोकळी कुठवर पसरली आहे हे कोणालाच सांगता येईना. सगळीकडं भोकं पाडत बसायचं, तर मशीनच्या वजनानंच जमीन खचायची.

अशा वेळी मोनाली वाकडे आली. तिशीतली, बारीक चणीची, केस घट्ट बांधलेले. एका विद्यापीठाच्या संशोधक चमूची ती प्रमुख होती, पण आरमोरीच्या धानवाल्या शेतकऱ्याची पोर असल्यामुळं बोलायला लागली की घरचीच वाटे. तिला खालच्या थरात पंपाच्या गॅलरीत, म्हणजे कोळसा काढून झालेल्या बोगद्यात, आपली यंत्रं ठेवायची होती. सोबत त्या गॅलरीत वावरलेलं कोणीतरी हवं होतं.

"मी निवृत्त झाल्यावर उतरलो नाई," लालसू म्हणाला.

"नाही आलात तरी चालेल, काका. खाणीचा माणूस आहे सोबत. पण तुम्ही असलात तर मले बरं वाटेल."

तो गेला. का गेला, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. उतरत्या बोगद्यातून चालताना त्याचे पाय जुन्या सवयीनं पडत होते. पंपाच्या गॅलरीत पोचल्यावर मोनालीच्या माणसांनी लोखंडी चौकटीत बसवलेले पसरट डबे मांडले. काही इथं, काही दूर पलीकडच्या टोकाला. डब्यांना वायरी होत्या आणि एक छोटा पडदा. त्यावर आकडा एकेकानं वाढत होता.

"हे काय मोजून राह्यलं?" लालसूनं विचारलं.

"म्युऑन," ती म्हणाली. मग थांबली आणि खाली एका दगडावर बसली. "काका, आभाळाच्या पार पलीकडून, ताऱ्यांमधून काही कण येत असतात. ते आपल्या हवेवर आदळले की त्यातून दुसरे बारीक कण निघतात. त्यातलाच एक म्युऑन. तो दिवसरात्र पडत असतो. तुम्ही हात पसरला तर तळहातातून दर सेकंदाला एखादा तरी आरपार जातो. आपल्याले काही कळत नाही, काही होतही नाही."

"अन् दगडातून?"

"दगडातूनही जातो. फक्त दगड जितका जाड, तितके जास्त कण मधेच थांबतात. आता आपण जमिनीखाली आहोत. आपल्यावर सगळीकडं सारखाच दगड असता, तर वरून सगळीकडून सारखेच कण आले असते. पण जिथं मधे पोकळी आहे, तिकडून जास्त येतील. आम्ही ते महिनोन्‌महिने मोजणार. एका डब्यावरून दिशा कळते, दोन-तीन डबे मिळून जागा कळते. डॉक्टर एक्स-रे काढतात ना, तसंच. फक्त दिवा आपला नाही, आभाळाचा."

लालसूनं वर पाहिलं. टोपीच्या दिव्यात ओला काळा दगड चमकत होता. त्या दगडाच्या वर कुठंतरी वरचा थर होता, आणि त्यात विटांची भिंत. आपण इतकी वर्षं पंप चालवला, तेव्हाही हे वरून पडतच होतं तर, असं त्याच्या मनात आलं. बुधूच्या अंगावरही पडत होतं. त्यानं हात थोडा वेळ पसरून धरला.

डबे खाली राहिले. मोनाली महिन्यातून एकदा येई आणि उतरायच्या आधी रिनाकडं चहा घेई. रिनाला सिकलसेल हा रक्ताचा आजार होता. थंडीत तिचे सांधे इतके दुखत की मुलांना उचलून घेता येत नसे. एकदा तिनं विचारलं, "ताई, तुमचं हे यंत्र माणसाच्या अंगातलं बी पाह्यते काय?"

"हे नाही पाहत. पण याच्या जवळचंच एक काम आहे, न्यूट्रॉनचं. माझी एक मैत्रीण त्यात आहे. अणुभट्टीतून न्यूट्रॉनचा झोत काढून ते लोक रक्तातलं हिमोग्लोबिन पाहतात. तुझ्या आजारात हिमोग्लोबिनचे कण एकमेकांले कसे चिकटतात, पेशी कशी वाकडी होते, ते त्यातून कळत जातं."

"मंग औषध?"

मोनालीनं कप खाली ठेवला. "त्यातून लगेच औषध निघत नाही, रिना. खोटं कशाला सांगू? पण आत काय बिघडते ते नीट दिसल्याशिवाय औषध करणाऱ्याले हात कुठं घालावा तेच समजत नाही. पाहणारे वेगळे, करणारे वेगळे. वेळ लागतो."

रिनानं मान हलवली. "खरं सांगतलं, ते बरं झालं," ती म्हणाली.

उन्हाळा सुरू झाला तेव्हा मोनालीनं समाजमंदिरात सभा बोलावली. पांढऱ्या चादरीवर चित्र पाडलं होतं. वस्तीचा, शेताचा, रस्त्याचा आराखडा आणि त्यावर फिकट-गडद डाग. तिनं काठीनं दाखवलं. बांधाजवळ, जिथं बुधूचा दगड होता, तिथं खाली सलग भरीव खडक होता. जुना सेक्शन पूर्वेला, दगडाच्या बाजूला, नव्हताच. तो पश्चिमेकडं वळला होता, वस्तीच्या पहिल्या ओळीखाली गेला होता. आणि तिथं पोकळी थरातच थांबली नव्हती. छत थोडं थोडं पडत ती वर चढत आली होती.

सभेत गलका झाला. दुकानवाला धनराज उठून उभा राहिला. "आभाळातून काईतरी पडते, ते कोनाले दिसत नाई, लागत नाई, अन् ते म्हनते म्हनून आम्ही घरं सोडाची?"

"बरोबर आहे तुमचं," मोनाली म्हणाली. "म्हणून एक भोक पाडून पाहू. हलक्या मशीननं, एकाच ठिकाणी. जागा आता माहीत आहे, म्हणून तेवढंच पुरेल."

ती जागा केसरबाईचं अंगण होती.

छोटं ड्रिल मशीन आलं. अख्खी वस्ती दूर दोरीमागं उभी राहिली. केसरबाईला लालसूनं आपल्या शेजारी बसवलं होतं. मशीन बराच वेळ घरघरत राहिलं, माती आली, मग मुरूम, मग राखाडी दगडाचा चुरा. आणि मग घरघर एकदम बदलली. दांडा हातातून सुटल्यासारखा खाली गेला. मशीनवाला मागे सरला. धनराजनं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

दुसऱ्या दिवशी भोकातून कॅमेरा सोडला. पडद्यावर आधी नुसती काळी भिंत सरकत राहिली, मग दिव्याचा उजेड मोकळ्या जागेत पसरला. खाली दगडांचा ढीग, बाजूला गढूळ पाणी. कॅमेरा वळला तेव्हा तीन गॅलऱ्या एकत्र येत होत्या ती जागा दिसली आणि एका कडेला दोन टेकू, काळे पडलेले, पण उभे.

लालसू पुढं वाकला. त्या तिठ्यावर ते डबा खायला बसत. तिथून पुढं, केसरबाईच्या घराकडं, जी गॅलरी जात होती ती ढिगाऱ्यात नाहीशी झाली होती. मोनालीनं हळूच विचारलं, "काका?"

"हेच हाय," तो म्हणाला. "हा ढीग तोच."

केसरबाई मागे उभी होती. तिनं पडद्याकडं पाहिलं, मग आपल्या घराकडं. चुलीच्या धुरानं काळवंडलेला दरवाजा, तुळई, दोरीवर वाळत घातलेलं लुगडं.

"म्हनजे ते इथी होते," ती म्हणाली. "माह्या चुलीखाली."

पावसाच्या आत वस्तीची पहिली ओळ रिकामी करायचं ठरलं. भद्रावतीच्या वाटेवर सरकारी क्वार्टर मोकळे होते, तिथं लोकांना न्यायचं. धनराजनं सगळ्यात आधी दुकान हलवलं. अंगणवाडी त्याच ओळीत होती. रिनानं मुलांना घेऊन खेळण्यांसकट शाळेच्या वऱ्हांड्यात बस्तान मांडलं. एकटी केसरबाई हलेना.

लालसू तिच्याकडं गेला. ती उंबऱ्यात मोहफुलं निवडत बसली होती.

"वयनी, उद्या ट्रॅक्टर येते."

"येऊ द्या."

"पाऊस लागला की थांबाले नाई जमनार."

तिनं हातातलं फूल सुपात टाकलं. "लालसूभाऊ, इतके वर्स मी त्या दगडाले पानी घातलं. तिथी खाली खडक होता. अन् ते इथी होते. मी वर स्वयंपाक करत होती, झोपत होती. आता ठाऊक झालं तर तुमी म्हनता, निंघ. काऊन निंघू? आता तर मी त्यायच्यापाशी हाव."

लालसूनं तिच्यासमोर जमिनीवर बसकण मारली. बुधूनं मला ढकललं, तो तुलाही तेच म्हणाला असता, असं म्हणावंसं त्याला वाटलं. पण तो शब्द बुधूचा होता. आपल्या सोयीसाठी तो वापरायचा नाही, असं त्याच्या मनानं घेतलं. त्यामुळं तो तिच्यासोबत फुलं निवडू लागला.

सूप अर्धं झालं तेव्हा तीच बोलली. "ते छत अजून पडून राह्यलं काय?"

"मॅडम म्हनते, पडून राह्यलं. थोडं थोडं."

"म्हनजे त्यायच्यावर अजून पडूनच राह्यलं." तिचा आवाज पहिल्यांदाच फाटला. "इतके वर्स झाले, तरी थांबलं नाई." ती रडली, पदर तोंडाशी न घेता, उघड्या तोंडानं. लालसूनं तिला कधी असं रडताना पाहिलं नव्हतं. बुधू गेला त्या दिवशीसुद्धा नाही.

मग तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, "जागेवर त्यायचं काईच झालं नाई. जे केलं ते खडकावर केलं. भुमकाले आना. मंग मी निंघतो."

लालसूनं मोनालीला विचारलं. अंगणात गर्दी करणं धोक्याचं होतं. मोनालीनं खाणीच्या इंजिनियरशी बोलणी केली आणि मोजक्याच माणसांना दोरी बांधून थोडा वेळ जाऊ देण्याचं कबूल करून घेतलं. धानोऱ्याहून भुमका आला. जुना भुमका केव्हाच वारला होता. हा त्याचा मुलगा, स्वतःच म्हातारा. सकाळच्या उन्हात तो, केसरबाई आणि लालसू कमरेला दोर बांधून त्या भोकापाशी गेले. भुमक्यानं गोंडीत पूर्वजांची नावं घेतली, एकामागून एक, आणि शेवटी बुधूचं. केसरबाईनं ओंजळभर तांदूळ त्या भोकात सोडले, मग मोहाची दारू ओतली. तिघंही ऐकत राहिले. खूप खाली, पाण्यावर काहीतरी पडल्याचा बारीक आवाज आला.

केसरबाई भोकाशी वाकून बोलली, "आता मी जातो." एवढंच. मग उठली आणि मागं न पाहता दोरीबाहेर आली.

श्रावणात, भर दुपारी, वस्तीची पहिली ओळ खाली गेली. आवाज असा झाला की क्वार्टरवरची माणसं बाहेर धावत आली. धूळ बसल्यावर दिसलं, की केसरबाईचं घर, अंगणवाडी आणि धनराजचं दुकान होतं तिथं मोठा खड्डा झाला होता आणि त्याच्या तळाशी लाल पाणी भरत होतं. हजेरी घेतली. सारी माणसं होती. अंगणवाडीची मुलं शाळेच्या वऱ्हांड्यात खिचडी खात होती. रिनानं त्यांना एकेक करून मोजलं आणि मग पुन्हा मोजलं.

धनराज संध्याकाळी मोनालीला फोन लावून काय बोलला ते कोणाला कळलं नाही. त्याच्या बायकोनं इतकंच सांगितलं, की तो फोनवर नुसता "हो ताई, हो ताई" करत होता.

हिवाळ्यात त्या पोकळीत वाळू आणि राख भरायचं काम सुरू झालं. कुठं किती भरायचं, ते डब्यांच्या चित्रावरूनच ठरत होतं. केसरबाई क्वार्टरमध्ये रुळली, असं म्हणता येणार नाही. तिथली खिडकी तिला फार मोठी वाटे. पण शेजारच्या बायका तिच्याकडं मोहाचे लाडू शिकायला येत, आणि ती त्यांना चुका काढत शिकवी.

लालसूला मोनालीचा निरोप आला. वर्धा नदीच्या काठच्या एका गावाखालीही जुन्या गॅलऱ्या होत्या आणि तिथले लोक डबे ठेवू देत नव्हते. "तुम्ही याल काय, काका? तुम्ही काही समजवायचं नाही. फक्त सोबत या."

तो गेला. गावात पोचल्यावर एक मध्यमवयीन बाई घरातून बाहेर आली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "तुमच्या गावची घरं यायनंच पाडली म्हनतेत."

"घरं जमिनीनं नेली, बाई," लालसू म्हणाला. "यायनं आधी सांगतलं."

"अन् तुमी आयकलं?"

"सगळ्यायनं एकदम नाई आयकलं. एक वयनी होती, तिनं तर लय उशिरा आयकलं. तिचं कारन बी खरं होतं."

बाईनं मोनालीच्या गाडीतल्या डब्यांकडं बोट केलं. "किती दिवस ठेवता हे खाली?"

"पावसापर्यंत," मोनाली म्हणाली.

तिनं पायात चप्पल सरकवली आणि म्हणाली, "चला. खाणीची वाट मी दाखवतो. पुढं चिखल हाय, गाडी इथीच राहू द्या."